संगणकाचा मास्तर कुलगुरूच्या खुर्चीत: लाभ की नासाडी?

केळवेकर | सोमवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक विभागाची लॅब सांभाळतो. बावीस वर्षं झाली. आमच्या विभागप्रमुख बाईंनी पॉइंटर शिकवायला घेतले की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मोबाइल खिशात टाकतात. आता मॅनेजमेंट त्यांना प्राचार्य करायच्या मागे लागलंय. बाई विचारात पडल्यात आणि मी इकडे चरफडतोय. प्राचार्य झालेला माणूस परत खडू हातात घेताना मी तरी पाहिला नाही. एकदा त्या केबिनमध्ये गेलं की सह्या, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली, गळणारी टाकी आणि पालकांची रडारड.

याच विचारात जॉन केमेनीबद्दल वाचत बसलो. बेसिक ही संगणकाची भाषा ज्या दोघांनी बनवली त्यातला हा एक. बुडापेस्टला १९२६ साली जन्म, नाझींच्या भीतीने १९४० साली कुटुंब अमेरिकेत. लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या प्रकल्पात आकडेमोडीचं काम, मग प्रिन्स्टनला आइनस्टाइनचा गणितातला मदतनीस. १९५३ साली, सत्ताविसाव्या वर्षी, डार्टमथ कॉलेजात थेट प्राध्यापक. आणि १९७० ते १९८१ त्याच डार्टमथचा प्रेसिडेंट. मला गप्प करणारी गोष्ट म्हणजे प्रेसिडेंट असतानाही तो वर्गावर शिकवत राहिला.

तर प्रश्न असा: असा माणूस खुर्चीत गेला की संस्थेचा फायदा होतो, की एक चांगला मास्तर वाया जातो? आणि संगणकातला असल्याने खरंच काही फरक पडतो का?

टवाळखोर | सोमवार, रात्री १०.५०

मी पयला!

फरक पडतो की. निकाल अडकला तर निदान "एकदा बंद करून चालू करून बघा" एवढं तरी सांगेल.

मंजिरी_ठाणे | सोमवार, रात्री ११.१५

बेसिक! काय आठवण काढलीत हो. आमच्या शाळेत क्लास प्रकल्पातले बीबीसी मायक्रो संगणक आले होते. शाळांत संगणक न्यायचा, १९८४ साली केंद्र सरकारने सुरू केलेला प्रकल्प, पुढच्या एकदोन वर्षांत आमच्यापर्यंत पोचला. त्या खोलीबाहेर चपला काढायच्या, आत एसी (अख्ख्या शाळेतला एकमेव), आणि मॉनिटरवर बाईंनी घरून शिवून आणलेली फुलाफुलांची खोळ. चार जणींत एक मशीन. मी पहिल्यांदा दहा प्रिंट, वीस गोटू दहा (म्हणजे नाव छाप, मग परत पहिल्या ओळीवर जा) लिहिलं आणि पडद्यावर माझं नाव धो धो वाहायला लागलं. थांबवायचं कसं ते बाईंनाही माहीत नव्हतं. शेवटी शिपाईकाकांनी स्विच बंद केला.

म्हणजे टवाळखोर म्हणतात तो उपाय तेव्हापासून लागू आहे.

ज्या माणसामुळे हे झालं तो कॉलेज चालवायचा हे मला आज कळलं.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ७.०५

केळवेकर, धागा आवडला. पण आइनस्टाइनच्या मदतनीसाला अरे-तुरे? असो, पुढे मीही तेच करणार आहे.

बेसिक का जन्माला आली हे इथल्या तरुणांना सांगायला हवं. त्या काळी प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. एका ओळीला एक कार्ड. डार्टमथकडे स्वतःचं यंत्र नव्हतं तेव्हा केमेनीचा जोडीदार थॉमस कुर्ट्झ कार्डांची पेटी घेऊन ट्रेनने बॉस्टनकडे, एमआयटीच्या मशीनवर जायचा. एक स्वल्पविराम चुकला की ती फेरी फुकट.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, मी ते भोगलंय. टीआयएफआरमध्ये, म्हणजे कुलाब्याच्या टाटा संशोधन संस्थेत, १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि देशभरातले लोक तिथे काम घेऊन येत. मी सत्तरच्या दशकात कुलाब्याला कार्डं घेऊन जायचो. जुलै महिना, बसमधून उतरताना छत्री एका हातात, गठ्ठा काखेत, आणि रबरबँड तुटला. नेव्हीनगरच्या फुटपाथवर माझं समीकरण पसरलं. गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीने तिरकी रेघ मारायची पद्धत होती, म्हणजे विस्कटलं तर रेघ जुळवून क्रम लावता येई. मी आळसाने मारली नव्हती. नंतर आयुष्यात कधी चुकलो नाही.

केमेनी आणि कुर्ट्झ म्हणाले की हे पुरे. पोराने टाइप करावं, मशीनने तिथल्या तिथे उत्तर द्यावं. एकच मशीन, पण प्रत्येकाला क्षणभर क्षणभर वाटून. याला टाइम-शेअरिंग म्हणतात. १ मे १९६४च्या पहाटे चार वाजता पहिला बेसिक प्रोग्राम चालला. आणि लक्षात घ्या, त्या यंत्रणेचा बराचसा कोड पदवीच्या पोरांनी लिहिला होता. मशीनही ग्रंथालयासारखं, कुठल्याही विषयाच्या विद्यार्थ्याला खुलं. ज्याने पोरांवर एवढा विश्वास टाकला तो कॉलेज नीट चालवेल यात मला नवल वाटत नाही.

बायनरी_भाऊ | मंगळवार, सकाळी ९.३० (लोकलमधून)

मास्तर, आदर आहेच, पण केमेनी मुळात गणिती. प्रिन्स्टनची पीएचडी तर्कशास्त्रातली. खरा संगणकवाला प्रेसिडेंट हवा असेल तर जॉन हेनेसी घ्या.

१९७७ साली स्टॅनफर्डला शिकवायला आला. १९८४ साली स्वतःच्या संशोधनावर मिप्स नावाची कंपनी काढली. कल्पना अशी की प्रोसेसरला मोजक्या, साध्या सूचना द्या, पण त्या झपाझप उरकू द्या. ज्यांनी लहानपणी निन्टेंडो ६४ किंवा पहिलं प्लेस्टेशन खेळलंय त्यांनी मिप्स वापरलाय. परत येऊन १९९६ला इंजिनिअरिंगचा डीन, १९९९ला प्रोव्होस्ट (शैक्षणिक कारभाराचा प्रमुख) आणि २००० ते २०१६ प्रेसिडेंट. सोळा वर्षं! पुन्हा खुर्ची सोडल्यावर डेव्हिड पॅटरसनबरोबर २०१७चं ट्युरिंग पारितोषिक, म्हणजे संगणकातलं नोबेलच. मुंबईत संगणक शिकलेल्या कोणालाही विचारा, हेनेसी-पॅटरसन म्हटलं की अंगावर काटा येतो. त्या दोघांच्या ठोकळ्याएवढ्या पुस्तकाच्या झेरॉक्सवर आमची अख्खी बॅच पास झाली.

त्याच्याच काळात, २०१२ साली, स्टॅनफर्डने एका वर्षात एक अब्ज डॉलरहून जास्त देणगी जमवली. कुठल्याही विद्यापीठाची ती पहिलीच वेळ होती.

कुर्ला आलं. बाकी नंतर.

उलटतपासणी | मंगळवार, सकाळी ११.२०

एक अब्ज जमवले हे कौतुक की आरोप, ते आधी ठरवू.

भाऊंनी एक गोष्ट सोयीस्करपणे वगळली. हेनेसी साहेब प्रेसिडेंट असताना गूगलच्या संचालक मंडळावर होते, सिस्कोच्याही. २०१८पासून तर गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट, तिचे अध्यक्ष. गूगल जन्मलं स्टॅनफर्डच्याच आवारात. विद्यापीठ आणि धंदा यांच्यातली भिंत कुठे आहे, असं तिकडच्या लोकांनीही तेव्हा विचारलं होतं. आपल्याकडे एखादा कुलगुरू कोचिंग क्लासच्या संचालक मंडळावर बसला तर आपण मोर्चा काढू.

दुसरं, शब्दांची गल्लत नको. तिकडचा प्रेसिडेंट म्हणजे आपला कुलगुरू. आपल्याकडे कुलपती म्हणजे राज्यपाल, ते पदवीदानाला येतात. पूर्वी उपकुलपती म्हणत, मग कुलगुरू झालं. तेव्हा विजय भटकरांचं नाव कोणीतरी घेणारच म्हणून आधीच सांगतो: परम ८००० हा महासंगणक बनवणारे भटकर २०१७ साली नालंदा विद्यापीठाचे कुलपती झाले. मान मोठा, पण रोजचा कारभार कुलगुरूंचाच.

टवाळखोर | मंगळवार, सकाळी ११.२४

वकीलसाहेब, मी भटकरांचं नाव टाइप करत होतो हो. घास काढून घेतलात.

बायनरी_भाऊ | मंगळवार, दुपारी १.४०

संचालक मंडळाचा मुद्दा मान्य. मलाही ते खटकतं.

पण आपल्याकडची उदाहरणं घ्या ना. संजय धांडे २००१ ते २०१२ आयआयटी कानपूरचे संचालक होते, कॅडमधलं (संगणकावर आराखडे काढायच्या तंत्रातलं) त्यांचं काम. पंकज जलोटे सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगवाले, २००८ साली त्यांनी ट्रिपल-आयटी दिल्ली शून्यातून उभी केली. आणि आता कानपूरला २०२४पासून मणींद्र अग्रवाल. २००२ साली दोन विद्यार्थ्यांना घेऊन या गृहस्थाने एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट आणि खात्रीने ठरवायची रीत दिली. जगभरचे गणिती ज्याच्यासाठी डोकं आपटत होते ते. अशा माणसाने आता मेसच्या तक्रारी ऐकायच्या. केळवेकर, तुमचं चरफडणं मला इथे पटतं.

गिरणगावकर | मंगळवार, रात्री ९.५५

सगळं वाचलं. तुम्ही मंडळी पारितोषिकं मोजताय. मला केमेनीची एक वेगळीच गोष्ट भावली.

डार्टमथ १७६९चं. दोनशे वर्षं फक्त मुलांचं. केमेनीने १९७२ साली मुलींना प्रवेश दिला. माजी विद्यार्थ्यांनी कटकट केली, ती होणारच. पण खरी अडचण पुढची. मुली घ्यायच्या तर मुलांच्या जागा कापा, नाहीतर नवी हॉस्टेलं बांधा. जागा कापल्या तर माजी विद्यार्थी चिडणार, बांधायचं तर पैसा हवा. मग निघाली डार्टमथ प्लॅन नावाची युक्ती: कॉलेज बारा महिने चालवायचं, वर्षाची चार सत्रं, उन्हाळ्याचंसुद्धा. एक तुकडी आत तर दुसरी बाहेर. खोल्या तेवढ्याच, पोरं जास्त.

आता मला सांगा, हे कुठे पाहिलंय? माझे आजोबा परळला एका गाळ्यात राहायचे. दहा बाय बाराची खोली आणि पंधरा-सोळा माणसं. सगळी आमच्या कोकणातली, सगळी गिरणीतली. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्याच वळकटीवर तिसऱ्या पाळीचा आडवा. कोणाचीच जागा स्वतःची नाही, पण झोप प्रत्येकाला मिळायची. जेवण खानावळीत, तेही पाळीने. सुट्टीच्या दिवशी सगळे एकदम घरी असले की मग मात्र अर्धे जिन्यात.

मास्तरांनी टाइम-शेअरिंग समजावलं तेव्हाच माझ्या डोक्यात हे आलं. एक मशीन, सगळ्यांना वाटून. मग एक हॉस्टेल, सगळ्यांना वाटून. त्याने १९६४ साली मशीनला जे केलं तेच आठ वर्षांनी इमारतीला केलं. संगणकातला असल्याने फरक पडतो का, असं केळवेकर विचारतायत. इथे पडला. दुसरा कोणी असता तर आधी बिल्डरला फोन लावला असता.

मंजिरी_ठाणे | मंगळवार, रात्री १०.१०

गिरणगावकर, काय लिहिलंय! कालपासून वाचतेय त्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद.

आणि आपल्या शाळा? सकाळ अधिवेशन, दुपार अधिवेशन. माझ्या बाकावर दुपारची कोणीतरी मुलगी बसायची, आम्ही एकमेकींना कप्प्यात चिठ्ठ्या ठेवायचो. चार वर्षं. चेहरा कधी पाहिला नाही.

उलटतपासणी | मंगळवार, रात्री १०.३२

उपमा सुरेख, पण एक आक्षेप नोंदवून ठेवतो. गाळ्यातल्या माणसाला दुसरा पर्याय नव्हता. सोय आणि नाइलाज यांत फरक आहे. आणि बारमाही कॉलेजात दोन मित्र वेगवेगळ्या सत्रांना बाहेर असले की वर्षभर भेटच नाही, याचाही हिशोब करा.

गिरणगावकर | मंगळवार, रात्री १०.४५

आक्षेप मान्य. आजोबांनी शेवटपर्यंत त्या गाळ्याचं कौतुक केलं नाही, ते आम्ही नातवंडं करतो.

थर्ड_इयर | बुधवार, रात्री १२.५८

काका-काकू लोक, सॉरी, पण आम्हाला कुलगुरू कोण याने शष्प फरक पडत नाही. आमच्या विद्यापीठाच्या पोर्टलवर मी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरला. पैसे कापले गेले, पडद्यावर हिरव्या रंगात "अर्ज यशस्वी". तीन आठवड्यांनी ऑफिसात गेलो तर म्हणे अर्ज आलेलाच नाही. स्क्रीनशॉट दाखवला तर खिडकीतल्या मॅडम म्हणतात, "तो तुमच्या मोबाइलवर यशस्वी झालाय, आमच्याकडे नाही."

टवाळखोर | बुधवार, सकाळी ८.१५

मॅडमना तत्त्वज्ञान विभागात बढती द्या.

चेंबूरचा_नाका | बुधवार, सकाळी १०.०५

मी सहसा फक्त वाचतो. पण थर्ड_इयरची गोष्ट वाचून राहवलं नाही, कारण तिचा थेट केमेनीशी संबंध आहे.

२८ मार्च १९७९ला अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. चौकशीसाठी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष केमेनी. डार्टमथचे प्रेसिडेंट असतानाच. ऑक्टोबरमध्ये अहवाल आला.

तिथे झालं असं की दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि नंतर बंद झालीच नाही. पाणी निघून जात राहिलं. पण नियंत्रण कक्षातला दिवा सांगत होता की सगळं ठीक. कारण तो दिवा "झडप बंद झाली" हे दाखवतच नव्हता. "बंद हो असा हुकूम गेला" एवढंच दाखवत होता! पॅनेलपुढच्या माणसांनी दिव्यावर विश्वास ठेवला. वर पाणी जास्त झालंय असं समजून त्यांनी बाहेरून येणारं थंड पाणीही कमी केलं. केमेनी आयोगाने नेमकं हे पकडलं: यंत्रं बिघडतातच, पण मूळ दुखणं माणसांच्या बाजूचं आहे. प्रशिक्षण अपुरं, सूचना गोंधळाच्या, पॅनेल असं की धोक्याच्या वेळी नेमकं काय बघायचं ते कळू नये.

तुमचा हिरवा "अर्ज यशस्वी" म्हणजे तोच दिवा. हुकूम गेला, झडप उघडीच. माझी नोकरी याच क्षेत्रातली, त्यामुळे हा दिवा आम्ही कधी विसरत नाही. पोर्टल बनवणाऱ्यांना मात्र तो कोणी शिकवत नाही.

थर्ड_इयर | बुधवार, सकाळी १०.२०

बाप रे. काका, हे मी आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये टाकू का?

चेंबूरचा_नाका | बुधवार, सकाळी १०.३१

खुशाल टाक. झडपेची आकृती नीट काढ.

निवृत्त_मास्तर | बुधवार, सायंकाळी ५.४०

थोडं अवांतर. गणिती माणूस खुर्चीत बसवायची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. रँग्लर परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, आल्यावर फर्ग्युसनचे प्राचार्य. पुढे लखनौचे कुलगुरू, आणि म्हातारपणी पुणे विद्यापीठाचे. लोक म्हणत, गणित राहून गेलं. असेलही. पण एका पिढीला मराठी माणूस केंब्रिजात पहिला येऊ शकतो हे त्यांच्यामुळे कळलं, आणि ते फर्ग्युसनच्या वर्गात बसून कळलं.

मंजिरी_ठाणे | बुधवार, रात्री ९.२०

सगळे पुरुषच का बरं? मारिया क्लावे राहिली की. मूळची कॅनडाची, गणित आणि संगणक. २००६ ते २०२३ कॅलिफोर्नियातल्या हार्वे मड कॉलेजची प्रेसिडेंट, तिथली पहिली बाई. आवारात स्केटबोर्डवरून फिरायची आणि जलरंगात चित्रं काढायची!

ती आली तेव्हा तिथे संगणकात मुली दहा टक्क्यांच्या आसपास. काही वर्षांत चाळीसच्या घरात गेल्या. युक्ती काय, तर पहिल्या वर्षाचा वर्गच वेगळा केला. ज्यांनी आधी प्रोग्रामिंग केलंय ती मुलं एका वर्गात, ज्यांनी कधीच केलं नाही ती दुसऱ्या. म्हणजे पहिल्याच दिवशी "हे तर मला आठवीपासून येतं" म्हणणारा पोरगा शेजारी नाही. हा बदल मुळात तिथल्या प्राध्यापकांनीच केला, हे तितकंच खरं. ती मागे उभी राहिली.

केळवेकर, तुमच्या बाईंना हे सांगा. प्राचार्याने स्वतः सगळं करायचं नसतं. विभागातल्या चार जणांना हवं ते करता येईल एवढी जागा ठेवली तरी खूप.

बायनरी_भाऊ | बुधवार, रात्री ९.४८

+१. आमच्या बॅचला तो आठवीपासूनवाला पोरगा मीच होतो. आज वाईट वाटतंय.

टवाळखोर | बुधवार, रात्री ९.५०

भाऊ, आम्हाला तेव्हाच वाटलं होतं.

उलटतपासणी | गुरुवार, दुपारी १२.१०

धागाकर्ते गायब आहेत. काडी टाकून पळाले की काय? बाईंचं काय झालं?

केळवेकर | शनिवार, रात्री ११.०२

पळालो नाही हो, प्रॅक्टिकल परीक्षा चालू होत्या. एकशे वीस पोरं, साठ मशीन, दोन पाळ्या. (गिरणगावकर, हसू नका.)

तुमचे प्रतिसाद छापून बाईंना दिले. डबा खाता खाता त्यांनी सगळे वाचले. झडपेच्या दिव्यापाशी थांबल्या, म्हणाल्या हे मला प्रश्नपत्रिकेत हवं. परळच्या गाळ्याच्या गोष्टीवर काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी लॅबचं वेळापत्रक मागून घेतलं आणि सहानंतरचे रिकामे तास लाल पेनाने गोल केले. आता माझं घरी जाणं लांबणार, याचं श्रेय परळला.

खुर्चीचं म्हणाल तर काल त्यांनी हो म्हटलं. अट एकच घातली. दुसऱ्या वर्षाचा डेटा स्ट्रक्चर्स त्या स्वतः शिकवणार, मंगळवार आणि गुरुवार, सकाळी साडेआठ. त्या वेळेला मीटिंग लावायची नाही. मॅनेजमेंटने "बघू" म्हटलंय.

माझं मत अजून तेच आहे, म्हणजे भीती वाटते. पण केमेनीने अकरा वर्षं निभावलं, तर बाईंची एक टर्म तरी बघायला हरकत नाही.

उलटतपासणी | शनिवार, रात्री ११.१४

"बघू" लेखी घ्या.

थर्ड_इयर | शनिवार, रात्री ११.२०

सकाळी साडेआठ?? काका, बाई चांगल्या असतील हो, पण विरारवरून येणाऱ्या पोरांचा कोणी विचार केला का?